रिंगचे इंजिन की बिनरिंगचे?

या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा अपेक्षा अर्थातच इतिहासावरील लेखाची होती. उदगीरच्या किल्ल्यावर लिहावे, 1760 च्या लढाईवर लिहावे, किंवा 1956 च्या राज्यपुनर्रचनेत आपला तालुका बीदर जिल्ह्यातून निघून उस्मानाबाद जिल्ह्यात कसा आला आणि 1982 साली लातूर जिल्ह्यात कसा गेला, हे सांगावे, असे सुचविण्यात आले. हे विषय महत्त्वाचे आहेत आणि त्यांवर आम्ही वर्गात तीस वर्षे बोलत आलो आहोत. परंतु गेली काही वर्षे आमच्याकडे विद्यालयाच्या विमान-प्रतिकृती मंडळाचेही काम आहे. यंदा माजी विद्यार्थ्यांनी या मंडळासाठी दोन इंजिने घेता येतील एवढी रक्कम उभी केली आहे. कोणती इंजिने घ्यावीत, हा प्रश्न आता आमच्यापुढे आहे. ज्यांनी कष्टाच्या कमाईतून हे पैसे दिले, त्यांना हा निर्णय कसा घेतला जातो हे कळले पाहिजे, म्हणून हा लेख.

बीदरचा वायुसेनेचा तळ आपल्यापासून फार दूर नाही. 1996 मध्ये स्थापन झालेल्या ‘सूर्यकिरण’ पथकाचे ते घर. आकाशातून आवाज आला की वसतिगृहाची मुले जेवणाचे ताट सोडून अंगणात धावतात. त्या विमानांच्या जेट इंजिनांत पिस्टनच नसतो, मग रिंगचा प्रश्नही येत नाही. मुलांच्या हाती येणारे विमान मात्र बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाचे, हातभर लांबीचे असते आणि त्याच्या नाकावर मुठीत मावेल एवढे पिस्टनचे इंजिन बसवलेले असते. राष्ट्रीय छात्र सेनेची स्थापना 1948 साली झाली आणि तिचा हवाई विभाग 1950 साली सुरू झाला. या विभागाच्या शिक्षणक्रमात विमान-प्रतिकृतींना स्थान आहे. कोलकात्याच्या ‘इंडियाज हॉबी सेंटर’ची ‘अरोरा’ इंजिने वापरूनच आपल्या देशातील कित्येक छात्रांनी पहिले विमान उडविले.

एका विद्यार्थिनीचा प्रश्न

आमच्याकडे आलेले पहिले इंजिन एका माजी विद्यार्थ्याने दिलेले जुने, पण फारसे न वापरलेले इंजिन होते. ते आम्ही मुलांसमोर उघडले. आठवीतील एका विद्यार्थिनीने पिस्टन हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिला आणि विचारले, “सर, याला रिंगा कुठं आहेत?”

प्रश्न वाजवी होता. तिच्या वडिलांच्या विहिरीवर डिझेल इंजिन होते. धूर वाढला, तेल जास्त लागू लागले, हँडल मारताना जोर लागेनासा झाला की ‘रिंगा गेल्या’ असे मिस्त्री म्हणतो, हे तिने घरी पाहिले होते. 1946 साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. त्यानंतर महाराष्ट्राच्या गावागावांत डिझेल इंजिन पोहोचले आणि ‘पिस्टन’, ‘रिंग’, ‘बोअर’ हे शब्द शाळेत न गेलेल्या माणसांच्याही तोंडी रुळले. 1972 साली आलेल्या लूनाने तर हे ज्ञान घराच्या ओसरीवर आणून ठेवले. इंजिन म्हटले की रिंग असायचीच, हा त्या मुलीचा समज अनुभवातून आलेला होता.

आम्ही तिला उत्तर दिले, “बसवायची राहिली असेल.” हे उत्तर चुकीचे होते. ठाऊक नसताना दिलेले होते, म्हणून ते अधिकच चुकीचे होते.

रिंग कशासाठी?

प्रथम रिंग समजून घेऊ. सिलिंडर म्हणजे नळी आणि पिस्टन म्हणजे तिच्यात वरखाली सरकणारा दट्ट्या. वरच्या बंद जागेत इंधन व हवा दाबली जाते, पेटते आणि पिस्टनला खाली ढकलते. नळी व दट्ट्या यांच्यामध्ये फट राहिली, तर दाब त्या फटीतून निसटतो आणि शक्ती वाया जाते. फट अजिबात ठेवली नाही, तर तापलेला पिस्टन फुगून नळीत अडकतो. बंदिस्त हवे आणि मोकळेही हवे, या पेचातून प्रत्येक इंजिन बनविणाऱ्याला वाट काढावी लागते.

हा पेच इंजिनाइतकाच जुना आहे. इंग्लंडमध्ये 1712 च्या सुमारास न्यूकोमेनचे वाफेचे यंत्र आले, तेव्हा पिस्टनच्या कडेला चामडे लावून वर पाणी ओतून ठेवीत. जेम्स वॅट ताग व चरबी यांची भरण वापरीत असे. वॅटच्या यंत्राला खरा आधार मिळाला तो जॉन विल्किन्सनकडून. त्याने 1774 साली तोफा कोरण्याच्या नव्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि पुढे त्याच कौशल्याने वॅटसाठी अचूक गोलाईचे सिलिंडर कोरून दिले. वॅटची बुद्धी सर्वांना आठवते, नळी कोरणाऱ्याचा हात मात्र पाठ्यपुस्तकातून सहसा गळतो. त्यानंतर 1852 साली जॉन रॅम्सबॉटम या रेल्वे अभियंत्याने एका जागी चिरलेली, स्वतःच्या ताणाने बाहेर ढकलणारी धातूची रिंग शोधून काढली. आपल्या शेतातल्या इंजिनात आजही तिचीच वंशज आहे.

या रिंगेची युक्ती सोपी आहे. पिस्टन नळीपेक्षा थोडा लहान ठेवायचा, म्हणजे तो तापून फुगला तरी अडकत नाही. त्याच्या अंगावर खाच पाडून त्या खाचेत बिडाची चिरलेली रिंग बसवायची. रिंग मोकळी असताना नळीपेक्षा किंचित मोठी असते, म्हणून नळीत गेल्यावर ती सतत बाहेरच्या बाजूला दाब देत राहते. इंधन पेटल्यावर होणाऱ्या वायूचा दाबही तिच्या मागे शिरून तिला भिंतीवर अधिक घट्ट बसवितो. पिस्टन सैल आणि रिंग घट्ट, अशी ही कामाची वाटणी आहे.

रिंगेवाचून कसे चालते?

आता छोट्या इंजिनाकडे येऊ. लूनाचे इंजिन सुमारे 50 सी.सी.चे, तर मुलांच्या विमानाचे 1.5 किंवा 2.5 सी.सी.चे. एवढ्या लहान पिस्टनवर खाच पाडून नाजूक रिंग बसविणे अवघड व महाग असते. शिवाय ती रिंग नळीवर घासून थोडी शक्ती खाते. म्हणून लहान इंजिनांत बिडाचा पिस्टन पोलादी नळीत घासून घासून असा जुळवितात की दोघांत मिलिमीटरच्या काही सहस्रांशांचीच फट उरते. या जुळणीला कारागीर ‘लॅपिंग’ म्हणतात. बीड आणि पोलाद जवळपास सारखेच फुगतात, त्यामुळे तापल्यावरही जोडी बिघडत नाही. उरलेली फट तेलाचा थर भरून काढतो. लहान ‘मॉडेल डिझेल’ इंजिने बहुतेक याच जातीची असतात.

परंतु बीड जड असते. हे इंजिन मिनिटाला बारा हजार फेरे घेते असे धरले, तर पिस्टन सेकंदाला दोनशे वेळा वर जाऊन खाली येतो. जड पिस्टन एवढ्या वेगाने थांबविणे आणि उलट फिरविणे म्हणजे थरथर आणि झीज. पिस्टन ॲल्युमिनियमचा केला तर वजन बरेच कमी होते, पण ॲल्युमिनियम फुगते जास्त. येथे थोडे गणित करणे आवश्यक आहे.

दोन सेंटिमीटर व्यासाचा पिस्टन घ्या आणि तो 150 अंशांनी तापला असे समजा. साध्या ॲल्युमिनियमचा व्यास सुमारे 0.07 मिलिमीटरने वाढेल, पोलादी नळीचा मात्र सुमारे 0.035 मिलिमीटरनेच. म्हणजे पिस्टन नळीपेक्षा दुप्पट फुगणार. ज्या इंजिनात फटच काही सहस्रांशांची असते, तेथे हा फरक म्हणजे इंजिन जाम होण्याची खात्री. पोलादी नळी आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन ही जोडी चालवायची, तर पिस्टन लहान ठेवून रिंग बसविण्यावाचून गत्यंतर नाही. रिंगची मॉडेल इंजिने येतात ती या हिशेबातून.

दुसरी वाट म्हणजे नळीचाच धातू बदलायचा. पितळ पोलादापेक्षा बरेच अधिक फुगते. वरील मापाची पितळी नळी सुमारे 0.057 मिलिमीटरने वाढेल. ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉनचे प्रमाण वाढवून केलेला मिश्रधातू साध्या ॲल्युमिनियमपेक्षा कमी, म्हणजे सुमारे 0.05 मिलिमीटरने फुगतो. आता दोघे जवळ आले. पितळ मऊ असल्यामुळे नळीच्या आतून कठीण क्रोमचा मुलामा देतात. ॲल्युमिनियम, ब्रास आणि क्रोम, म्हणून या रचनेला ‘ए.बी.सी.’ हे नाव पडले. 1960 च्या दशकात अमेरिकेचे बिल विस्निव्हस्की यांनी वेगाच्या स्पर्धांतून ही रचना पुढे आणली. पुढे क्रोमऐवजी निकेल, पितळेऐवजी ॲल्युमिनियमची नळी, असे प्रकार निघाले. तत्त्व मात्र एकच: दोन धातूंनी एकमेकांशी जुळवून घ्यायचे आणि रिंग काढून टाकायची.

वरचा घट्टपणा आणि आमची चूक

या रचनेत आणखी एक खुबी आहे. नळीचा वरचा भाग ज्वालेजवळ असतो, म्हणून तो खालच्या भागापेक्षा जास्त तापतो आणि जास्त फुगतो. नळी थंडपणी सरळ कोरली, तर चालताना ती वर रुंद व खाली अरुंद होईल आणि नेमक्या दाबाच्या क्षणी वायू निसटेल. म्हणून कारागीर ती थंडपणी वरच्या टोकाला मिलिमीटरच्या काही शतांशांनी अरुंद ठेवतात. इंजिन तापले की ती सरळ होते. याचा परिणाम असा, की थंड इंजिनाचा पंखा हाताने फिरविला तर पिस्टन वरच्या टोकाला जाऊन घट्ट बसतो, कधी कुईं असा आवाजही करतो. नव्या ए.बी.सी. इंजिनाच्या प्रकृतीचे हे लक्षण आहे. हा घट्टपणा नसेल, तरच काळजी करावी.

हे सर्व आम्हांस आज ठाऊक आहे. त्या दिवशी नव्हते. पंखा वर जाऊन अडकतो हे पाहून आम्ही निदान केले की आत गंज चढला आहे. ती विद्यार्थिनी म्हणाली, “सर, खाली मोकळं आहे, फक्त वरच घट्ट होतंय. गंज असता तर सगळीकडं लागला असता.” आम्ही तिला गप्प बसविले. बाजारातून बारीक पॉलिशपेपर आणला, तो बोटाला गुंडाळून नळीचा वरचा भाग आतून घासला आणि पंखा मऊ फिरू लागल्यावर मुलांना अभिमानाने दाखविला. ते इंजिन नंतर पुन्हा कधीच चालू झाले नाही. मुलामा गेला, अरुंदपणा गेला आणि दाब धरण्याचे सामर्थ्यही गेले. एका माजी विद्यार्थ्याची भेट आम्ही अर्ध्या तासात निकामी केली.

आपल्याकडील मुलांनी तोंड उघडून प्रश्न विचारावा, यासाठी मागच्या पिढ्यांनी काय सोसले हे आम्हीच वर्गात शिकवितो. त्याच वर्गात एका मुलीने निरीक्षण करून, कारण देऊन प्रश्न विचारला आणि तो आम्ही अधिकाराच्या जोरावर दाबला. इंजिन गेले त्याचे दुःख आहेच. पण तिचे बोलणे बरोबर असूनही ती त्या दिवशी गप्प बसली, हे अधिक लागले. तिची क्षमा आम्ही दुसऱ्या दिवशी वर्गासमोर मागितली, आणि आज येथे छापील स्वरूपातही मागतो.

निवड करताना काय पाहावे

आता मूळ प्रश्न. दोन्ही प्रकार चांगले आहेत, पण दोघांचे स्वभाव वेगळे आहेत.

पहिली गोष्ट आकाराची. 2.5 सी.सी.पर्यंत प्रश्न जवळजवळ उरतच नाही, तेथे बिनरिंगचीच इंजिने मिळतात. 6.5 किंवा 7.5 सी.सी.च्या गटात दोन्ही प्रकार आढळतात, तरी बिनरिंगची अधिक. 10 सी.सी. आणि त्यापुढे रिंगेचे पारडे जड होत जाते. जपानच्या ओ. एस. कंपनीने 1976 साली चार-स्ट्रोकचे मॉडेल इंजिन मोठ्या प्रमाणावर बाजारात आणले. त्या जातीची इंजिनेही सामान्यतः रिंगचीच असतात.

दुसरी गोष्ट चालू करण्याची, आणि शाळेच्या दृष्टीने ही सर्वांत महत्त्वाची. रिंगचे इंजिन थंडपणी हलके फिरते व हाताने लवकर चालू होते. नवे ए.बी.सी. इंजिन वरच्या टोकाला अडते, म्हणून त्याला विजेवरचा स्टार्टर लागतो, किंवा आधी सिलिंडर शेकून ऊबदार करावा लागतो. आपल्याकडे पौष महिन्यात सकाळी सहाला पाणी हातात धरवत नाही, त्या वेळी हा फरक चांगलाच जाणवतो. स्टार्टर वापरताना आत इंधन जास्त साचले असेल तर द्रव दाबला जात नाही आणि घट्ट इंजिनाचा कनेक्टिंग रॉड वाकतो वा तुटतो. म्हणून आधी प्लग काढून इंजिन रिकामे फिरवावे. प्रकार कोणताही असो, पंख्याला उघडे बोट लावू नये. रबरी नळी चढविलेल्या काठीनेच झटका द्यावा. बारा हजार फेऱ्यांचा पंखा बोटाची गय करीत नाही.

तिसरी गोष्ट रुळविण्याची. नवी सायकलसुद्धा काही दिवस सांभाळून चालवावी लागते, मग इंजिनाचे काय! रिंगचे इंजिन सुरुवातीला भरपूर इंधनावर, कमी तापमानावर, संथपणे चालवावे. रिंग आणि नळी एकमेकींवर घासून एकजीव होण्यास अर्धा ते एक तास सहज जातो. ए.बी.सी. इंजिनाला हीच वागणूक दिली तर त्याचे नुकसान होते. थंडपणी नळी वर अरुंद असते, त्यामुळे संथ व थंड चालवीत राहिल्यास पिस्टन प्रत्येक फेरीला त्या अरुंद भागात ठोकला जातो. त्याला एक-दोन मिनिटे चांगले तापू द्यावे, मग पूर्ण निवू द्यावे, पुन्हा तापवावे. इंधन थोडे जास्तच ठेवावे, पण इंजिन गुदमरेल इतके नव्हे. एकाचे औषध दुसऱ्याला अपाय करते, म्हणून हाती आलेले इंजिन कोणत्या जातीचे आहे हे आधी ओळखावे.

चौथी गोष्ट झिजेची आणि दुरुस्तीची. रिंग झिजली तर रिंग बदलता येते. खर्च तुलनेने थोडा आणि काम शिकण्यासारखे. मात्र रिंग बिडाची असल्याने ठिसूळ असते. बसविताना जास्त उघडली तर मोडते, आणि टू-स्ट्रोक इंजिनात तिचे टोक नळीतील खिडकीत अडकू नये म्हणून खाचेतील खुंटीशी ते नेमके जुळवावे लागते. ए.बी.सी.मध्ये मोडण्यासारखी रिंगच नाही, हा मोठा फायदा. नीट सांभाळल्यास जोडी दीर्घकाळ टिकते. पण गेली तर पिस्टन व नळी दोन्ही एकत्रच बदलावी लागतात आणि त्यांची किंमत रिंगेच्या कितीतरी पट असते. हा धडा आम्ही पॉलिशपेपरने शिकलो.

पाचवी गोष्ट साठवणुकीची. इंधनातील मिथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पोलादी नळी आणि बिडाची रिंग यांना त्याने गंज धरतो. उडवून झाल्यावर उरलेले इंधन जाळून संपवावे आणि आत तेलाचे काही थेंब सोडून पंखा फिरवावा. पितळ व क्रोमला हा धोका कमी, पण क्रँकशाफ्टचे बेअरिंग पोलादीच असते, तेव्हा ही शिस्त दोघांनाही लागू आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत इंजिने दोन महिने पेटीत पडून असतात, हे शाळेने विसरू नये.

सहावी गोष्ट धुळीची. काळ्या मातीच्या रानात राशीच्या दिवसांत जी धूळ उडते, ती दोन्ही प्रकारांची सारखीच वैरी आहे. विमान मुरमाच्या कडक मैदानावर उडवावे, इंजिन जमिनीवर उघडे ठेवू नये, आणि विमान नाकावर आपटले तर आतली माती धुतल्याशिवाय पंखा फिरवून पाहू नये.

शेवटची गोष्ट गतीची. वेगाची स्पर्धा जिंकायची असेल तर ए.बी.सी.ला तोड नाही. संथ, एकसारखे, दीर्घकाळ चालणारे इंजिन हवे असेल, तर रिंगचे इंजिन समाधान देते.

इंधनाविषयी एक इशारा

ग्लो-प्लग इंजिनाच्या साध्या इंधनात सुमारे ऐंशी टक्के मिथेनॉल व वीस टक्के एरंडेल तेल असते. आपल्या बांधावर उगवणारा एरंड येथे जगभर मान मिळवून आहे. अतिउष्णतेतही एरंडेलाचा थर धातूवरून सहजी हटत नाही. बिनरिंगच्या बिडाच्या पिस्टनला ते विशेष मानवते. रिंगच्या इंजिनात मात्र त्याची तांबूस राळ खाचेत साचून रिंग चिकटू शकते, म्हणून अधूनमधून सफाई करावी.

मिथेनॉलला आम्ही मुलांसमोर विषच म्हणतो. ते पोटात गेले तर दृष्टी जाते, प्राणही जातो. जून 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉलयुक्त दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. ती बहुतांश हातावर पोट असलेली माणसे होती. मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसतही नाही. म्हणून आमच्याकडे डबा कुलपात असतो, किल्ली शिक्षकाकडे असते, इंधन ओतताना चष्मा व हातमोजे सक्तीचे असतात आणि शेजारी पाणी व वाळू ठेवलेली असते. दोरीवर फिरविण्याच्या विमानाच्या तारा धातूच्या असतात, त्यामुळे विजेच्या तारांच्या आसपास विमान उडवायचे नाही, हा नियम इंजिनाच्या निवडीपेक्षाही वरचा आहे.

आमचा निर्णय

कोणी विचारील की आता विजेच्या मोटारी व बॅटऱ्या स्वस्त, स्वच्छ आणि शांत झाल्या असताना ही तेलकट इंजिने कशाला? उडविणे एवढाच हेतू असता तर आम्हीही मोटारच घेतली असती. पण धातू तापून फुगतो हे वाक्य पाठ करणारा विद्यार्थी आणि 0.035 मिलिमीटरच्या फरकाने इंजिन कसे जाम होते हे बोटांनी अनुभवणारा विद्यार्थी, यांत अंतर आहे. ज्यांच्या घरच्या माणसांनी आयुष्यभर हातांनी काम केले, त्यांच्या मुलांना हात आणि गणित यांची भेट शाळेतच घडावी, असे आम्हांस वाटते.

म्हणून पुष्कळ विचारांती आम्ही असे ठरविले आहे. पहिले इंजिन 2.5 सी.सी.चे, बिनरिंगचे, दोरीवर फिरणाऱ्या प्राथमिक विमानासाठी. लहान आकारात दुसरा पर्याय नाही आणि त्याची गरजही नाही. दुसरे इंजिन 10 सी.सी.चे, रिंगचे. ते सर्वांत वेगवान नसेल, परंतु हाताने चालू होईल, नवव्या इयत्तेतील विद्यार्थी ते स्वतः उघडतील, रिंग तपासतील, गरज पडल्यास बदलतील आणि पुन्हा बसवतील. उद्या एखादा विद्यार्थी मोठ्या स्पर्धेसाठी तयार झाला, तर त्याच्यासाठी ए.बी.सी. इंजिनाची मागणी घेऊन आम्हीच माजी विद्यार्थ्यांच्या दारी येऊ. शिकण्यासाठी मात्र जे उघडता येते आणि पूर्ववत जोडता येते, ते आधी घ्यावे, असे आमचे मत आहे.

आम्ही निकामी केलेली ती जोडी फेकलेली नाही. मंडळाच्या कपाटात ती एका काचेच्या बरणीत ठेवली आहे, शेजारी भंगारातून आणलेला शेतीच्या इंजिनाचा रिंगांसह पिस्टन आहे. नव्या तुकडीचा पहिला तास या दोन वस्तूंपासून सुरू होतो आणि चूक कोणाची होती हे आम्ही स्वतः सांगतो. तो प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी आज यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेत आहे. सुट्टीत ती मंडळात येते आणि मुलांना नळीचा उतार मोजायला शिकविते. मागील भेटीत तिने आमच्या यादीतील एका मापाची चूक काढली. ती आम्ही तेथल्या तेथे दुरुस्त केली.

माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी एखाद्या रविवारी सकाळी मैदानावर यावे, इंजिने पाहावीत, आणि आमच्या निर्णयात काही चुकले असेल तर कारणासह सांगावे, ही विनंती.